एका ‘अ’काराची किंमत

शालान्त परीक्षेत संस्कृत हा हमखास गुण मिळवून देणारा विषय आहे, ही समजूत महाराष्ट्रात चांगलीच रुजली आहे. आठवीत ‘देव’, ‘वन’, ‘माला’ यांची रूपे घोटून पाठ होतात, नववीत धातूंची भर पडते आणि दहावीचा निकाल हाती आला की त्या रूपावलीचे प्रयोजन संपते. नव्वदीच्या पुढे गुण मिळवलेल्या विद्यार्थ्यापुढे पाठ्यपुस्तकाबाहेरचा चार ओळींचा उतारा ठेवला तर तो पुष्कळदा अडखळतो. विभक्ती त्याला ओळखता येते. पण ‘च’ने कोणती दोन पदे जोडली, ‘वा’ने कोणते पर्याय वेगळे केले आणि ‘न’ने नेमके काय नाकारले, हे त्याला सांगता येत नाही.

याचे कारण उघड आहे. अव्ययांना रूपे नसतात. ती लिंग, वचन, विभक्तीने बदलत नाहीत, म्हणून त्यांचे तक्ते होत नाहीत. आणि ज्याचा तक्ता होत नाही त्यावर प्रश्नही फारसा विचारला जात नाही. वस्तुतः वाक्यात कोणी कोणाला काय दिले हे नामे आणि क्रियापदे सांगतात. पण दिले की नाही, दोन्ही दिले की दोहोंपैकी एक, हे ठरवतात ती ही एकाक्षरी अव्यये. व्यवहारात माणूस फसतो तो बहुधा याच ठिकाणी.

डोंगरावरचे दस्तऐवज

याची साक्ष काढायला नाशिककरांना फार लांब जावे लागत नाही. शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर, मुंबई–आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरात जी लेणी आहेत, त्यांच्या भिंतींवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख कोरलेले आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांशी त्यांचा काही संबंध नाही. त्या लेखांत राजस्तुती आहे, परंतु त्याहून मोलाचा भाग ठेवींचा, व्याजाचा आणि जमिनीच्या हक्कांचा आहे. थोडक्यात, ते दगडावर नोंदवलेले दस्तऐवज आहेत.

या लेखांची भाषा मुख्यतः प्राकृत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या दहाव्या लेण्यातील एका लेखात मात्र संस्कृतचा वापर बराच आहे. प्राकृत म्हणून संस्कृतच्या विद्यार्थ्याने बिचकण्याचे कारण नाही. संस्कृतातील ‘कार्षापण’ येथे ‘काहापण’ झाला, ‘क्षेत्र’ ‘खेत’ झाले, ‘ग्राम’ ‘गाम’ झाला. शतकांच्या वापराने नामे झिजली. ‘च’ आणि ‘न’ मात्र जसेच्या तसे राहिले. ही दोन अक्षरे ओळखणारा विद्यार्थी त्या भिंतीवर कोठे बोट ठेवायचे हे जाणू शकतो.

या डोंगराचा आणि संस्कृतच्या पहिल्या धड्याचा संबंध आणखी एका मार्गाने जुळतो. ‘मार्गोपदेशिका’ हे संस्कृतचे प्राथमिक पुस्तक लिहून ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांना ही भाषा शिकवली, त्याच रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७४ साली लंडनला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी नाशिकच्या लेखांवर निबंध लिहिला. पुढे भगवानलाल इंद्रजी, एमिल सेनार आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे लेख वाचले, तपासले. पाठ्यपुस्तक आणि शिलालेख या दोन्ही गोष्टी एकाच विद्वानाच्या टेबलावर होत्या. आज त्या एकमेकींपासून दूर गेल्या आहेत.

परत न करण्याची ठेव

उषवदाताच्या दानाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने तीन हजार काहापणांची ‘अक्षयनीवी’, म्हणजे कधी न संपणारी ठेव, ठेवली. गोवर्धन या गावातील विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार, शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, शेकडा पाऊण व्याजाने. गोवर्धन हे गाव गंगापूरच्या बाजूला आजही आहे. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा काहापण चीवरासाठी द्यावयाचे होते. व्याज दरमहाचे धरले तर दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. आणि वीस गुणिले बारा, दोनशे चाळीसच. हिशेबात एका काहापणाचीही चूक नाही.

या सर्व व्यवस्थेचा आधार एका शब्दात आहे. लेख म्हणतो की हे काहापण ‘अपडिदातवा’ आहेत. संस्कृतात हाच शब्द ‘अप्रतिदातव्याः’ असा होईल: परत द्यावयाचे नाहीत असे. त्याच्या जोडीला ‘वढिभोजा’, म्हणजे ज्यांची केवळ वृद्धी, म्हणजे व्याज, भोगावयाचे असे. पहिल्या शब्दातला आरंभीचा ‘अ’ काढून टाकला तर ठेव ‘प्रतिदातव्य’ होते. मग संघाला ती मागून घेता आली असती, विणकरांना ती केव्हाही फेडून मोकळे होता आले असते आणि भिक्षूंचे वर्षाचे वस्त्र पुढच्या वर्षी मिळेलच याची शाश्वती उरली नसती. त्या एका ‘अ’मुळे विणकरांना कायमचे खेळते भांडवल मिळाले आणि लेण्याला कायमचे उत्पन्न. ‘अक्षय’ या शब्दातही तोच ‘अ’ आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला मूळ निधी शाबूत ठेवून व्याज वापरणे म्हणतात, ते येथे एका नकारात बांधले आहे.

त्याच लेखात एक ‘च’ही लक्षात ठेवण्याजोगा आहे. हे सर्व निगमसभेत ऐकवले गेले ‘आणि’ रीतीप्रमाणे फलकावर नोंदवले गेले, असे तेथे म्हटले आहे. नुसते नोंदवणे पुरेसे मानले गेले नाही, नुसते ऐकवणेही नाही. ज्यांनी पैसे स्वीकारायचे त्यांच्यासमोर अटी वाचल्या गेल्या, मग त्या लिहिल्या गेल्या. छापील कागदावर खुणेच्या जागी सह्या करून मोकळ्या होणाऱ्या आजच्या खातेदाराला या ‘च’चे महत्त्व कोणीतरी समजावून सांगायला हवे.

शेत कसत नाही, गाव वसत नाही

सत्ता बदलली. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रपांचा पराभव केला. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतली बहुसंख्य नहपानाची असून त्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे. नाण्यांप्रमाणे जमिनीवरही नवा हक्क उमटला. तिसऱ्या लेण्यातील त्याच्या अठराव्या राज्यवर्षाच्या आज्ञेत, पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले दोनशे निवर्तने शेत भिक्षूंना दिल्याची नोंद आहे.

चोविसाव्या वर्षाची दुसरी आज्ञा त्याच लेण्यात आहे. ती गौतमीपुत्र आणि राजमाता यांच्या नावाने गोवर्धनच्या अमात्याला पाठवलेली आहे. काखडी गावात आधी दिलेल्या शेताविषयी तीत म्हटले आहे की ते शेत ‘न कसते’ आणि ते गाव ‘न वसति’. असे असल्यामुळे नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतापैकी शंभर निवर्तने भिक्षूंना द्यावीत, असा हुकूम पुढे येतो. दोन्ही लहान वाक्यांत ‘च’ दुसऱ्या स्थानी आहे: ‘ते च शेत’, ‘तो च गाव’ अशा क्रमाने. संस्कृतचा नियमही तोच. ‘च’ आणि ‘वा’ यांनी वाक्य सुरू होत नाही. जोडावयाच्या पदाच्या मागे ते उभे राहतात. मराठीतला ‘आणि’ दोन पदांच्या मध्ये बसतो, म्हणून विद्यार्थी ‘रामः च लक्ष्मणः’ असे लिहितो. लिहायला हवे ‘रामः लक्ष्मणः च’, किंवा दोघांनाही सारखे वजन द्यायचे असेल तर ‘रामश्च लक्ष्मणश्च’.

स्थानाचा हा आग्रह निव्वळ व्याकरणातला सोवळेपणा नाही. वैदिक भाषेत ‘न’ला ‘नाही’ आणि ‘प्रमाणे’ असे दोन अर्थ आहेत. निषेधाचा ‘न’ निषिद्ध वस्तूच्या आधी येतो, उपमेचा ‘न’ उपमानानंतर येतो, असे यास्काने निरुक्तात सांगून ठेवले आहे. अक्षर तेच, जागा बदलली की अर्थ बदलला.

त्या आज्ञेतील नकार कोठे आहे, हेही पाहावे. तो क्रियापदाला जोडलेला आहे. शेत कसले जात नाही, गाव वसत नाही. त्यात वस्तुस्थितीची कबुली आहे: दान कागदोपत्री पूर्ण झाले, पण हाती काही लागले नाही. ज्या गावात माणूस नाही तेथील दोनशे निवर्तनांपेक्षा नगराच्या सीमेवरची शंभर निवर्तने अधिक मोलाची, हे जमिनीचे अर्थशास्त्र त्या आज्ञेच्या लेखकाला ठाऊक होते. आणि आपल्याच दानाचे अपयश दगडावर कोरून घेण्याचा मोठेपणाही त्या राज्यसत्तेपाशी होता.

चार नकार आणि एक ‘च’

याच्या उलट प्रकारचा नकार अठराव्या वर्षाच्या आज्ञेत आहे. भिक्षूंच्या शेताला ज्या सवलती दिल्या त्या अशा: ते शेत राजपुरुषांनी प्रवेश करू नये असे, त्याला हात लावू नये असे, मिठासाठी खणू नये असे आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करू नये असे असावे. मूळात ही चार वाक्ये नाहीत. ‘अपावेस’, ‘अनोमस’, ‘अलोणखादक’ आणि ‘अरठसविनयिक’ अशी ती चार विशेषणे आहेत. प्रत्येकाच्या आरंभी ‘अ’ आहे. स्वरापुढे त्याचा ‘अन्’ होतो.

संस्कृत शास्त्रकारांनी नकाराचे दोन प्रकार मानले आहेत. क्रियेशी जोडलेला तो प्रसज्यप्रतिषेध. नामाशी जोडलेला तो पर्युदास. ‘क्षेत्रं न कृष्यते’ म्हणजे शेत कसले जात नाही. उद्या कोणी नांगर धरला तर हे वाक्य खोटे ठरेल. ‘अप्रवेश्यं क्षेत्रम्’ असे म्हटले की तो नकार त्या शेताचा गुण होतो. अधिकारी बदलला, अमात्य बदलला, तरी शेत ‘अप्रवेश्य’च राहते. घटना सांगताना क्रियेचा नकार आणि हक्क देताना नामाचा नकार, ही निवड त्या लेखकाने ग्रंथ समोर ठेवून केली असेल असे नाही; भाषा ज्याच्या अंगवळणी पडली आहे त्याच्याकडून ती आपोआप होते.

या चार नकारांच्या पाठोपाठ ‘आणि सर्व प्रकारच्या सवलतींनी युक्त’ असे पाचवे विशेषण येते व त्यानंतर ‘च’ येतो. त्यामुळे यादी बंद होत नाही, उघडी राहते. तेथे ‘वा’ असता तर कोणती सवलत द्यायची हे ठरवण्याचा अधिकार अमात्याच्या हाती गेला असता.

‘आणि’चे चार अर्थ, ‘नाही’चे सहा

‘च’चे चार अर्थ वैयाकरणांनी सांगितले आहेत. दोन स्वतंत्र गोष्टी एका क्रियेला जोडणे हा समुच्चय. एक मुख्य आणि दुसरी ओघाने, हा अन्वाचय. त्याचे परंपरेतले उदाहरण मोठे मासलेवाईक आहे: भिक्षेला जा आणि गाय दिसली तर तीही घेऊन ये. भिक्षा चुकवायची नाही. गाय मिळाली तर मिळाली. ‘रस्ता रुंद करावा आणि झाडे लावावीत’ अशा धर्तीच्या सरकारी ठरावातला ‘आणि’ कोणत्या जातीचा असतो, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. उरलेले दोन अर्थ समासाचे: ‘रामलक्ष्मणौ’मधला इतरेतरयोग, जेथे दोघे एकत्र असूनही दोघेच राहतात; आणि ‘पाणिपादम्’मधला समाहार, जेथे हातपाय मिळून एकच वस्तू होते.

नकाराचेही सहा अर्थ मानले जातात: सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्रशस्तता आणि विरोध. ‘अनुदरा कन्या’ म्हणजे पोट नसलेली मुलगी नव्हे, सडपातळ मुलगी. तेथे ‘अन्’ अल्पता दाखवतो. ‘अधर्म’ म्हणजे धर्माचा नुसता अभाव नाही, धर्माच्या विरुद्ध आचरण. ‘अकाल’ म्हणजे काळ नाही असे नव्हे, अयोग्य काळ; घड लागलेल्या बागेवर अकाली पाऊस कोसळताना पाहिलेल्या नाशिकच्या द्राक्ष-बागायतदाराला हा अर्थ कोशात शोधावा लागत नाही. अर्थशास्त्राची परिभाषाही याच नकारांवर उभी आहे. ‘अप्रत्यक्ष कर’ म्हणजे कर नाही असे नाही. वेगळ्या वाटेने येणारा तो करच आहे. ‘अकृषिक’ जमीन म्हणजे तीच माती, दुसऱ्या वापराची. आणि शहराच्या वेशीवर तो एक ‘अ’ जमिनीचा भाव कित्येक पटींनी वाढवतो.

आजचे शिलालेख

ही चर्चा पंडिती वाटत असेल तर घरातली कागदपत्रे काढून पाहावीत. बँकेतले सामायिक खाते ‘दोघांच्या संयुक्त सहीने’ चालते की ‘दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात’ या अटीने, यावर पतीच्या निधनानंतर पत्नीला पैसे तत्काळ मिळतील की कागदपत्रांसाठी खेटे घालावे लागतील, हे ठरते. फरक ‘च’ आणि ‘वा’ यांच्यातला आहे. कर्जरोख्यावर जामीनदार ‘संयुक्तपणे व वैयक्तिकपणे’ जबाबदार राहील असे छापलेले असते. सही करणाऱ्याला वाटते की चार जामीनदारांत आपला हिस्सा चौथा. त्या ‘व’ने तो संपूर्ण रकमेला बांधला गेला आहे, हे त्याला वसुलीची नोटीस आल्यावर कळते. सातबाऱ्यावरील ‘नवीन व अविभाज्य शर्त’ या शब्दांतला ‘अ’ही असाच. त्या शेऱ्याची जमीन परवानगीवाचून विकता येत नाही, हे पुष्कळांना सौदा ठरल्यावर समजते.

उषवदाताच्या ‘अप्रतिदातव्य’ ठेवीचा वंशजही आज बाजारात आहे. परतफेडीची मुदत नसलेले बेमुदत रोखे बँका विकतात. २०२० साली एका खासगी बँकेच्या पुनर्रचनेत असे ८,४१५ कोटी रुपयांचे रोखे निर्लेखित करण्यात आले. व्यक्तिगत गुंतवणूकदारांना ते धोक्याची पुरेशी कल्पना न देता विकले गेल्याचा ठपका पुढे ‘सेबी’ने ठेवला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्लेखनाचा निर्णय रद्द ठरवला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. कायद्याचा निर्णय काहीही होवो. ‘बेमुदत’ या शब्दातला ‘बे’ हा फारसीतून आलेला नकार आहे आणि त्याचे वजन ज्याने जोखले नाही त्याला किंमत मोजावी लागली. गोवर्धनच्या निगमसभेत निदान तो नकार सर्वांसमक्ष वाचून दाखवला गेला होता.

मराठी मुलाचे भांडवल

यावर उपाय काय? संस्कृत शिकल्याने माणूस व्यवहारचतुर होतो, असा भाबडा दावा करण्याचे कारण नाही. रूपावली पाठ असलेला माणूसही न वाचता सही करतोच. तथापि ‘जोडणे’, ‘वेगळे करणे’ आणि ‘नाकारणे’ या तीन क्रियांचा इतका बारकाईने विचार केलेली भाषा वर्गात शिकवायची आणि तो विचार तेवढा गाळायचा, हे सोने विकून चिंधी राखण्यासारखे आहे.

मराठी मुलाच्या गाठी या कामासाठी मोठे भांडवल आहे. शाळेत पाऊल ठेवण्यापूर्वीच त्याला चार नकार अवगत असतात. ‘तो येत नाही’, ‘तू येऊ नको’, ‘असे करू नये’ आणि ‘हा तो नव्हे’. वस्तुस्थिती, मनाई, औचित्य आणि ओळख या चार वेगळ्या गोष्टींसाठी त्याच्याकडे चार शब्द आहेत. संस्कृतात वस्तुस्थिती नाकारण्यासाठी ‘न’ आणि मनाईसाठी ‘मा’ असे दोन शब्द असतात, हे त्याला ‘नाही’ आणि ‘नको’ यांच्या आधारे पाच मिनिटांत समजावता येते. ‘न गच्छति’ म्हणजे जात नाही. ‘मा गच्छ’ म्हणजे जाऊ नको. हे कळायला कोणताही तक्ता लागत नाही. आजचा क्रम मात्र त्याला आधी चोवीस रूपे पाठ करायला लावतो आणि वाक्यापर्यंत पोहोचेतो त्याची उमेद संपवतो.

तेव्हा क्रम थोडा उलटवून पाहावा. पहिल्या पंधरवड्यात दोन-चार नामे, दोन-चार क्रियापदे आणि त्यांच्या जोडीला ‘च’, ‘वा’, ‘अपि’, ‘न’, ‘मा’ ही अव्यये द्यावीत. एकच वाक्य ‘च’ने, मग ‘वा’ने, मग ‘न’ने बदलून अर्थ काय झाला हे मुलांकडून मराठीत सांगवून घ्यावे. प्रश्नपत्रिकेत रूप ओळखण्याच्या प्रश्नाशेजारी, अव्यय बदलल्यावर अर्थात काय फरक पडला असा एक प्रश्न असावा. आणि नाशिकच्या शाळांनी वर्षातून एकदा तरी आपली मुले त्या डोंगराच्या पायऱ्या चढवून तिसऱ्या आणि दहाव्या लेण्यापुढे उभी करावीत. ब्राह्मी लिपी त्यांना वाचता येणार नाही. परंतु ‘न’ आणि ‘च’ यांची ब्राह्मी अक्षरे फळ्यावर काढून दाखवली तर ती भिंतीवर शोधता येतील. ज्याने स्वतःच्या बोटाने तो ‘न’ शोधला, तो ‘शेत कसत नाही’ हे वाक्य सहसा विसरणार नाही.

उषवदाताची श्रेणी राहिली नाही, काहापण चलनातून गेले, कधी न संपणाऱ्या त्या ठेवीचे व्याजही केव्हाच थांबले. टिकून राहिली ती अट, तिच्या आरंभीच्या ‘अ’सह. ती वाचण्याची ताकद पुढच्या पिढीला द्यायची की नाही, एवढाच प्रश्न आहे. आणि याचे उत्तर ‘वा’ने टाळता येण्यासारखे नाही.